सेस्ना 172 च्या नोंदी: थंड सकाळ आणि तीन नंबरचं सिलिंडर

विमान सेस्ना 172 एम, 1975 सालचं. इंजिन लायकमिंग ओ-320-ई2डी: चार सिलिंडर, हवेने थंड होणारं, 150 अश्वशक्ती. मालक दोघं, मी आणि माझे धाकटे दीर. विमान असतं शिकागोच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांना लागून असलेल्या एका छोट्या विमानतळाच्या हँगरमध्ये. कायद्याने ठेवायचं लॉगबुक वेगळं आहे. त्यात काम, तारीख आणि सही एवढंच जातं. काय दिसलं, काय वाटलं आणि कशावरून काय ठरवलं, ते या वहीत लिहिते.

4 नोव्हेंबर 2023, शनिवार

तेल बदललं. आधी एक फेरी मारून इंजिन गरम केलं, मग तेल सोडलं. गार तेल गाळ खाली ठेवूनच बाहेर येतं. फिल्टर असलेल्या इंजिनासाठी लायकमिंगची शिफारस 50 तास किंवा चार महिने, यातलं जे आधी येईल ते. उन्हाळ्यात आम्ही तासांवर बदलतो, हिवाळ्यात महिन्यांवर.

फिल्टरची डबी कटरने कापली, आतला घड्यांचा कागद पूर्ण उलगडला आणि दारात उन्हात धरून घडी-घडी तपासली. लोहचुंबक फिरवला. काजळीचे बारीक कण निघाले, धातूची चमक कुठे नाही. तेलाचा नमुना बाटलीत भरून तपासणीला पाठवला.

अमेरिकेत हे काम मालकाने स्वतः केलं तर चालतं. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमांतल्या भाग 43 च्या 'ए' परिशिष्टात अशा कामांची यादी आहे: तेल, प्लग, टायर, चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस, बॅटरी. किमान प्रायव्हेट पायलट लायसन्स हवं आणि काम झाल्यावर लॉगबुकात नोंद करून सही हवी. भाऊजींनी उडायचे पहिले धडे जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लबात घेतले. तिथे पाना लावायचा तो लायसन्सवाल्या इंजिनिअरनेच. इथे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने प्लग काढला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, असं ते अजून सांगतात. मला ही मोकळीक फार मोलाची वाटते. आपल्या हाताने उघडलेलं इंजिन नंतर हवेत वेगळं ऐकू येतं.

आजची खास नोंद अशी: सकाळी पहिल्यांदा चालू केलं तेव्हा इंजिन मिसिंग करत होतं. डॅशबोर्ड दिसण्याइतका थरथरला. मिनिटभरात आपोआप सुरळीत झालं. बाहेर साधारण 5 अंश सेल्सिअस. रनअपला, म्हणजे उडण्याआधीच्या इंजिनाच्या चाचणीत, दोन्ही मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारी यंत्रं) ठणठणीत.

11 नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा तेच. चालू केलं, खडखड, मिनिटभराने शांत. मग विमान दुपारभर उत्तम उडालं.

पहिला संशय प्लगवर. आठही काढले. वरचे चार स्वच्छ, खालचे चार मळलेले. दोन नंबर आणि चार नंबरच्या खालच्या प्लगमध्ये इलेक्ट्रोडच्या खोबणीत शिशाचे राखाडी मणी बसलेले होते, मोहरीपेक्षा लहान, काचेसारखे कडक. हे येतात 100 एलएल पेट्रोलमधून. नावात 'लो लेड' असलं तरी लिटरमागे 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं चालतं, आणि आमचं इंजिन मुळात 80 ऑक्टेनच्या, त्याहून कितीतरी कमी शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेलं. कॉम्प्रेशन जेमतेम 7 ला 1. शिसं बाहेर काढून न्यायला पेट्रोलमध्ये ब्रोमिनचं संयुग घातलेलं असतं, पण ते नीट काम करतं ते प्लगचं टोक तापलेलं असताना. जमिनीवर श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलच्या, मिश्रणावर रेंगाळत राहिलं की टोक तापत नाही आणि शिसं तिथेच बसतं. म्हणून आम्ही चालू केल्या केल्या मिक्श्चरची मूठ मागे ओढून पेट्रोल कमी करतो, इतकं की चुकून थ्रॉटल पूर्ण दिला तर इंजिन बसावं.

मणी टोकदार सळईने एकेक उपटले, प्लग घासले, गॅप 0.016 ते 0.021 इंचांत बसवला, रोधक मोजले. 5000 ओहमच्या वर गेलेला प्लग टाकायचा. आमचे सगळे खाली. वरचे प्लग खाली आणि खालचे वर, नवे तांब्याचे वॉशर, 30 ते 35 फूट-पाउंडांवर कसले.

वरच्यांत आणि खालच्यांतही तीन नंबरचे प्लग त्यातल्या त्यात सर्वांत स्वच्छ निघाले, हे इथे लिहून ठेवते.

19 नोव्हेंबर, रविवार

स्वच्छ प्लगवरही सकाळची खडखड कायम. म्हणजे प्लग नाहीत.

भाऊजींनी इंजिन मॉनिटरची नोंद उतरवून घेतली. दर 6 सेकंदांनी चारही सिलिंडरांच्या डोक्याचं आणि एक्झॉस्ट वायूचं तापमान साठवलं जातं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. बाकी तिन्ही सिलिंडरांच्या एक्झॉस्टच्या रेषा चालू होताच वर चढल्या. तीन नंबरची मात्र जमिनीलगत सरपटत राहिली. साधारण पन्नास सेकंदांनी ती एका झटक्यात उडी मारून बाकीच्यांत मिसळली. मागच्या दोन्ही शनिवारच्या नोंदी काढल्या. तिथेही तीन नंबरच, तीच उडी.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे वायरिंगचं असेल. तीन नंबरची हार्नेसची वायर."

मी म्हटलं, "भाऊजी, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर. एका बाजूची वायर गेली तर दुसरा प्लग जाळतोच की. मग एक्झॉस्टचं तापमान उलट चढतं, कारण एकाच ठिणगीवर मिश्रण उशिरा जळतं. आपली रेषा तर मेलेली आहे. दोन्ही बाजू एकदम मरायच्या आणि एकाच क्षणी एकदम जिवंत व्हायच्या, हे कसं जमायचं?"

मॅग्नेटोच्या चाचणीतही तसं काही नव्हतं. 1700 आरपीएमवर एकेक मॅग्नेटो बंद केला की उतार 125 च्या आत हवा आणि दोघांमधला फरक 50 च्या आत. आमचा दोन्हीत बसतो. अर्थात ही चाचणी होते तोवर इंजिन गरम झालेलं असतं, आणि दुखणं गार असतानाचं आहे.

2 डिसेंबर, शनिवार

बाकीच्या संशयितांचा हिशेब.

कार्ब्युरेटर: बिघडला तर चौघांना त्रास होईल, एकट्या तीन नंबरला नाही. कार्ब्युरेटरमधल्या बर्फाचंही तेच. प्रायमर, म्हणजे चालू करताना हाताने पेट्रोल आत ढकलायचा पंप: दांडा नीट बंद झाला नसेल तर पेट्रोल ओढलं जातं आणि इंजिन श्रीमंत मिश्रणावर घुटमळतं. पण ते गरम इंजिनातही घुटमळलं असतं. दांडा तपासला, कुलूप नीट बसतं. इंटेकची, म्हणजे मिश्रण आत जायच्या वाटेची, गळती: गॅस्केटमधून किंवा जोडनळीतून जास्तीची हवा शिरली तर कमी आरपीएमला ते सिलिंडर गरम आणि गरीब (कमी पेट्रोलच्या मिश्रणावर) चालतं. आमचं गार पडतं आणि थोड्या वेळाने पूर्ण बरं होतं. तरी जोडांवर साबणपाणी लावून पाहिलं. बुडबुडा नाही.

मग उरतं काय? गार असताना कॉम्प्रेशनच नसलेलं सिलिंडर. म्हणजे उघडा अडकलेला व्हॉल्व्ह.

जुन्या लायकमिंगवाल्यांमध्ये हे दुखणं प्रसिद्ध आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा ज्या गाइडमध्ये वरखाली होतो, त्या गाइडच्या आत जळलेल्या तेलाचा आणि शिशाच्या क्षारांचा राप चढतो. इंजिन गार झालं की गाइड दांड्याभोवती आवळलं जातं. सकाळी चालू केल्यावर स्प्रिंग व्हॉल्व्हला पुरता मिटवू शकत नाही, सिलिंडर फुसकं जातं आणि गरम झाल्यावर दांडा सुटतो. वेळीच बघितलं नाही तर एक दिवस व्हॉल्व्ह मिटलेला अडकतो, त्याला उघडायला ढकलणारा पुशरॉड वाकतो, आणि तेही चढणीला लागलेलं असताना होऊ शकतं. म्हणून 'गरम झालं की बरं होतं' हे मला मुळीच दिलासा देणारं वाक्य वाटत नाही.

9 डिसेंबर, शनिवार

तेलाचा अहवाल आला. लोह, ॲल्युमिनियम, तांबं नेहमीच्या पातळीवर. निकेलही नेहमीचंच. निकेल चढलं असतं तर एक्झॉस्ट गाइड झिजत असल्याचा संशय आला असता. म्हणजे गाइड सैल झालेलं नाही. झालंच असेल तर घट्ट. निदानाशी जुळतं.

थोडं अवांतर. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने आपली शिकाऊ विमानं यंदा बिनशिशाच्या यूएल 94 वर नेली होती आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा 100 एलएलवर आणली, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका खचताना दिसल्या. शिसं बैठकीला उशीसारखं वाचवतं आणि गाइडमध्ये राप होऊन बसतं. दोन्ही बाजू त्याच धातूच्या. 2030 च्या अखेरपर्यंत शिसं हटवायचं असं इथे ठरलं आहे आणि ते हटायलाच हवं. विमानतळाशेजारच्या घरांमध्ये मुलं राहतात. पण जुन्या इंजिनांच्या मालकांनी तोपर्यंत व्हॉल्व्हवर लक्ष ठेवून राहायला हवं.

14 जानेवारी 2024, रविवार

पारा उणे 20 च्या खाली. उडायचा प्रश्नच नाही. हँगरचं दार बर्फाने जमिनीला चिकटलेलं. फावड्याने मोकळं केलं. बॅटरी घरी नेली. केबिनमधल्या कार्बन मोनॉक्साइड मॉनिटरची तपासणी केली. या विमानात केबिनची ऊब मफलरभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून येते. मफलरला बारीक चीर गेली तरी विषारी वायू थेट आपल्या तोंडावर. हिवाळ्यात त्या मॉनिटरशिवाय मी कुणाला बसवत नाही.

20 जानेवारी, शनिवार

अजून कडाक्याची थंडी, पण आभाळ निरभ्र. उणे 12 च्या खाली लायकमिंग इंजिन आधी तापवायला सांगतं. आमच्या सिलिंडरांच्या डोक्यांना आणि तेलाच्या तळाला विजेचे हीटर लावलेले आहेत. रात्रभर जोडून ठेवले, वर रजई.

सकाळी चालू केलं आणि पहिल्या फेऱ्यापासून लोण्यासारखं चाललं. तीन नंबरची रेषा बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून वर. या हंगामात विमान चालू केलेली सर्वांत थंड सकाळ आणि खडखड नाही! बाहेरची थंडी महत्त्वाची नाही, सिलिंडरचं डोकं किती गार आहे तेवढंच महत्त्वाचं. आता फक्त उलट बाजू पाहायची.

3 फेब्रुवारी, शनिवार

हीटर मुद्दाम लावले नाहीत. बाहेर शून्याच्या जरा वर, म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीपेक्षा कितीतरी ऊबदार. चालू केलं: खडखड, तीन नंबर मेलेलं, मग उडी. माझ्यापुरता प्रश्न सुटला.

विमान उडवलं नाही, परत हँगरमध्ये ठेवलं. आमच्या मेकॅनिकना फोन लावला. ते वार्षिक तपासणीवर सही करू शकणारे आयए आहेत, आणि आमची तपासणी तशीही फेब्रुवारीअखेर संपते. तळावरच्या दुसऱ्या एकाने परवा सल्ला दिला होता की सरळ सिलिंडर उतरवून नवं बसवा. मला तो पटला नव्हता. सिलिंडर उतरवणं म्हणजे क्रँककेस धरून ठेवणाऱ्या बोल्टांना हात लावणं. ते पुन्हा कसताना काही कमीजास्त झालं तर आतली बेअरिंग हलू शकते. रापासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया करायची नाही. मेकॅनिकना तिन्ही आलेख पाठवले. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "सिलिंडरला हात लावू नका, मी दोरी घेऊन येतो."

17 फेब्रुवारी, शनिवार

वार्षिक तपासणी सुरू. पंखांखालची, शेपटीची सगळी झाकणं मी आणि भाऊजींनी आदल्या संध्याकाळीच उघडून ठेवली होती. स्क्रू कागदाच्या कपांत, कपांवर जागेचं नाव.

गरम इंजिनावर कॉम्प्रेशन. 80 पाउंडांचा दाब देऊन सिलिंडर किती धरून ठेवतं ते पाहायचं. तीन नंबरने 74 धरले, बाकीच्यांनीही सत्तरीच्या वर. म्हणजे नेहमीच्या चाचणीत हे सिलिंडर पहिल्या नंबराने पास झालं, कारण चाचणी गरम असताना होते आणि तेव्हा व्हॉल्व्ह मोकळा असतो. आलेख नसते तर आम्ही यावर समाधान मानून सही घेतली असती.

मग लायकमिंगच्या 388सी बुलेटिनमधली डुलण्याची चाचणी. स्प्रिंग काढून व्हॉल्व्हच्या दांड्याला आडवं ढकलायचं आणि डायल गेजवर किती सरकतो ते वाचायचं. बुलेटिनने वरची मर्यादाही दिली आहे आणि खालचीही. वर गेला तर गाइड झिजलं, खाली राहिला तर राप. तीन नंबर खालच्या मर्यादेच्या बराच खाली. एक नंबर अगदी काठावर. दोन आणि चार व्यवस्थित. एक आणि तीन दोन्ही उजव्या बाजूचे. उजव्या बाजूला काय चाललंय, हा प्रश्न वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला.

सीटच्या रुळांची तपासणीही आज झाली. 2011 च्या आदेशानुसार सेस्नाच्या रुळांची भोकं, सीटची खिळी आणि चाकं मोजावीच लागतात. टेकऑफच्या वेळी सीट मागे घसरली की वैमानिक नकळत स्टिअरिंग धरून मागे ओढतो. त्यात माणसं गेली आहेत. डाव्या रुळाचं एक भोक लांबोळकं झालंय. रूळ मागवला.

24 फेब्रुवारी, शनिवार

दोरीचा दिवस. हे काम मालकाने एकट्याने करायचं नाही, पण मेकॅनिकच्या देखरेखीखाली हात लावता येतो. मी तीन नंबर केलं, भाऊजींनी एक नंबर. मेकॅनिक स्टूल घेऊन शेजारी बसले.

मॅग्नेटो बंद, मिक्श्चर मागे, किल्ली खिशात. तरी प्रोपेलरला हात लावताना तो जिवंत आहे असंच समजायचं. मॅग्नेटोची अर्थिंगची वायर तुटलेली असली तर बंद स्विचचा काही उपयोग नसतो. वरचे प्लग आणि एक्झॉस्टचे पाइप आधीच उतरवलेले. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अर्ध्यावर आणला आणि प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी आत सोडत गेले. बाहेरच्या टोकाला मोठी गाठ, आत सरकून जाऊ नये म्हणून. आत मावेल तेवढी गेल्यावर प्रोपेलर हळूच पुढे फिरवला. पिस्टनने दोरी वर दाबली, दोरीने व्हॉल्व्ह खालून घट्ट धरला. आता स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडणार नाही.

रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी तरफ; तिचा दांडा सरकवून ती बाजूला केली. व्हॉल्व्हच्या टोकावरची छोटी फिरकी टोपी काढून थाळीत ठेवली; ती बसवायची राहिली तर सगळं केलेलं वाया. तेल परतायच्या भोकात चिंधी कोंबली. मग स्प्रिंग दाबली आणि दोन अर्धगोल कीपर चुंबकाने अलगद उचलले. नखाएवढे तुकडे, आणि अख्खा व्हॉल्व्ह त्यांच्यावर टांगलेला असतो. स्प्रिंग निघाल्यावर दोरी ओढून काढली, पिस्टन तळाला नेला आणि व्हॉल्व्ह बोटाने आत ढकलला. ढकलावाच लागला. मेकॅनिक म्हणाले, मोकळ्या गाइडमधून तो स्वतःच्या वजनाने पडतो.

वाकड्या मानेच्या पकडीने दांडा प्लगच्या भोकातून बाहेर डोकावेल इतका वर आणला. पाहिलं तर खालच्या इंचभर भागावर काळा, चकाकता थर, लाखेसारखा. नखाने निघेना. कापडाने आणि सॉल्व्हेंटने घासून घासून काढला. दांड्याच्या मूळच्या पृष्ठाला ओरखडा जाऊ दिला नाही.

मग रीमर, म्हणजे गाइडचं भोक आतून खरवडायचं दातेरी हत्यार. दातांच्या खोबणीत ग्रीस भरायचं, म्हणजे निघालेला राप त्यातच चिकटून येतो. हातानेच फिरवायचं, आणि आत जातानाही कापायच्या दिशेने, बाहेर येतानाही त्याच दिशेने. उलटं फिरवलं की दात आणि गाइड दोन्ही खराब. पहिल्या फेरीत कुरकुर ऐकू येत होती आणि हाताला खरखर जाणवत होती. बाहेर आलेलं ग्रीस काळंकुट्ट, त्यात कोळशाची पूड. पुसलं, नवं ग्रीस भरलं, पुन्हा. शेवटच्या फेरीला आवाज नाही, ग्रीस जवळपास स्वच्छ. पोर्ट आणि सिलिंडर हवेने आणि कापडाने साफ केलं, बोरोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत पाहून खात्री केली.

व्हॉल्व्ह परत जागेवर आणणं हे सर्वांत किचकट. दांड्याची धातू चुंबकाला दाद देत नाही. गाइडमधून वरून लवचिक पंजा खाली सोडायचा, बोरोस्कोपमध्ये बघत दांड्याचं टोक पकडायचं आणि ओढून घ्यायचं. माझ्याकडून कितीदा निसटलं ते मोजलं नाही. मेकॅनिकनी मध्ये हात घातला नाही, फक्त म्हणाले, "पंजा नाही, व्हॉल्व्ह फिरव." फिरवला आणि आला.

आता दांडा बोटाने वरखाली होत होता, तेलकट, बिनआवाज. डुलण्याची चाचणी पुन्हा केली: तीन आणि एक दोन्ही मर्यादेच्या आत. पुशरॉड काचेवर लोळवून पाहिले, सरळ आहेत. लिफ्टरमधलं (पुशरॉडला ढकलणाऱ्या भागातलं) तेल काढून कोरडी फट मोजली, 0.028 ते 0.080 इंचांमध्ये हवी, तशी आहे. रॉकर कव्हर नव्या गॅस्केटसकट बंद.

27 फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून थेट हँगर. फेब्रुवारीत अंगात टी-शर्ट, आणि रात्री वादळासकट पारा कोसळला. सीटचा रूळ आला, मेकॅनिक शनिवारी बसवतील.

2 मार्च, शनिवार

उजव्या बाजूचा प्रश्न.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हवा वरून शिरते, सिलिंडरांवरच्या पातळ पात्यांच्या फटींमधून खाली जाते. ती दुसरीकडून पळू नये म्हणून पत्र्याच्या भिंती आणि त्यांच्या काठाला रबरी पट्ट्या असतात. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बंद झालं की पट्टी आतून टेकते. काउलिंगच्या आतल्या बाजूला पट्टीच्या घासण्याची रेघ उमटलेली असते, आणि ती सलग असायला हवी. टॉर्च आडवा धरून पाहिलं. डावीकडे सलग राखाडी रेघ. उजवीकडे मागच्या कोपऱ्यात, तीन नंबरच्या बरोबर मागे, हातभर जागेत रेघच नाही. तिथला रंग नवाकोरा. पट्टी ताठ होऊन मागच्या बाजूला मुडपली गेली होती. हवा दाबायच्या ऐवजी तिथूनच निसटत होती.

आता जुने आलेख पुन्हा पाहिले तेव्हा कळलं की चढताना तीन नंबरचं डोकं बाकीच्यांपेक्षा नेहमी गरम जात होतं. लायकमिंगची कमाल मर्यादा 500 फॅरनहाइट आहे, म्हणून 430 दिसलं तरी कुणी दचकत नाही. पण गाइडमध्ये तेल करपायला ते पुरतं. राप काढला आणि पट्टी तशीच ठेवली असती तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दोरी काढावी लागली असती.

नवी सिलिकॉनची पट्टी कापून बसवली, वाक पुढच्या बाजूला. कोपऱ्यातल्या फटी लाल सिलिकॉनने बुजवल्या. सीटचा रूळही बसला. मेकॅनिकनी वार्षिक तपासणीची सही केली.

9 मार्च, शनिवार

हीटर न लावता, थंड सकाळी चालू केलं. चारही रेषा एकत्र वर. भाऊजींनी कानावरचे हेडफोन काढून नुसतं ऐकलं. जमिनीवर पूर्ण गरम करून बंद केलं, काउलिंग उघडलं, गळती पाहिली. नाही. मग विमानतळावर घिरट्या, उंची राखून, उतरता येईल अशा अंतरात. चढताना तीन नंबर 390 च्या वर गेलं नाही.

8 एप्रिल, सोमवार

दक्षिण इलिनॉयला खग्रास सूर्यग्रहणासाठी. पार्किंगची जागा कधीच राखून ठेवली होती. कार्बनडेलच्या परिसरातून 2017 चाही खग्रास पट्टा गेला होता; सात वर्षांत दुसऱ्यांदा एकाच गावावर. भाऊजी, माझे यजमान आणि मी. रेडिओवर विमानांची नुसती झुंबड, पण सगळे शिस्तीत. खग्रास चार मिनिटांहून जरा जास्त टिकलं. विरळ उंच ढग होते, तरी प्रभा स्वच्छ दिसली. धावपट्टीशेजारच्या गवतात बसलेली शेकडो माणसं एकदम ओरडली.

परतीला रांगेत बराच वेळ इंजिन चालू ठेवून थांबावं लागलं. मिक्श्चर मागे ओढून ठेवलं. रनअपला मॅग्नेटोचा उतार सकाळइतकाच.

13 एप्रिल, शनिवार

तेल बदललं, चार महिन्यांची मुदत उलटून गेल्यावर. ग्रहणाच्या फेरीसाठी थांबले होते. फिल्टरमध्ये काळे कण नेहमीपेक्षा जास्त, चुंबकाला एकही चिकटला नाही. रीमरने सुटलेला राप असावा. पुढचा फिल्टर 25 तासांवरच कापणार. नमुना पाठवला.

दोन आणि चार नंबरची गाइडं आत्ता मर्यादेत आहेत, पण पुढच्या वार्षिक तपासणीला चारही पुन्हा मोजायची. भाऊजींना सांगितलंय की ऑक्टोबरपासून दर आठवड्याचा पहिला गार स्टार्ट हीटरशिवाय करायचा, उणे 12 च्या वर असेल तर, आणि आलेख उतरवून ठेवायचा. नाकाचं चाक लँडिंगला थरथरतंय. ही थरथर दाबणाऱ्या शिमी डॅम्परमधून लाल तेल झिरपलेलं दिसतं. सील मागवलं.